फ्रेस्नो स्टेट बुलडॉग्ज बेसबॉल : २००८ चा सीझन

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात फ्रेस्नो शहर आहे, तिथल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला सगळे फ्रेस्नो स्टेट म्हणतात. तिच्या बेसबॉल टीमने २००८ मध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय चॅम्पियनशिप, जिंकली, त्या सीझनबद्दलची ही नोंद. कोच माइक बेट्सोल. एकूण मॅच ७८, त्यात ४७ जिंकल्या आणि ३१ हरल्या. एवढ्या मॅच हरून चॅम्पियन झालेली टीम त्याआधी नव्हती आणि नंतरही झालेली नाही. फायनलमध्ये जॉर्जियाला तीन मॅचच्या सिरीजमध्ये २-१ असं हरवलं, शेवटची मॅच २५ जून २००८ ला, कॉलेज वर्ल्ड सिरीज जिथे होते त्या ओमाहा शहरातल्या रोझेनब्लाट स्टेडियममध्ये झाली. टीमला त्या महिन्यात ‘अंडरडॉग’वरून ‘वंडरडॉग्ज’ असं नाव पडलं आणि ते टिकलं.

फ्रेस्नो सॅन वाकीन खोऱ्यात येतं, शेतीचा भाग, द्राक्षं आणि बेदाणे भरपूर. युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल हेल्मेटवर हिरवा ‘व्ही’ असतो तो याच व्हॅलीचा. बेसबॉलची परंपरा जुनी आहे, आधी पीट बायडन आणि नंतर बॉब बेनेट हे दोन कोच इथे खूप वर्षं होते आणि टीम १९५९, १९८८ आणि १९९१ मध्ये ओमाहाला जाऊन आली होती, फक्त कप आला नव्हता. बेट्सोल २००३ च्या सीझनपासून कोच झाले. त्यांच्या हाताखालून मॅट गार्झा (२००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या राउंडला) आणि डग फिस्टर (२००६) असे पुढे मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, नाव काढणारे पिचर (बॉल टाकणारे) गेले. हे आधीच सांगायचं कारण म्हणजे २००८ ची टीम कुठूनतरी अचानक उगवली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते तितकंसं बरोबर वाटत नाही.

सुरुवात मात्र खरंच वाईट होती, पहिल्या २० मॅचमध्ये ८ जिंकल्या आणि १२ हरल्या. त्याच वर्षी एनसीएएने (अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था) सगळ्या टीमसाठी सीझन एकाच तारखेला, २२ फेब्रुवारीला, सुरू करायचा नियम पहिल्यांदा लावला होता, म्हणजे पूर्वी उन्हाळी हवेच्या राज्यांना जानेवारीच्या शेवटी खेळायला मिळायचं ते बंद झालं आणि तेवढ्याच मॅच कमी आठवड्यांत बसवाव्या लागल्या. आठवड्यात मॅच वाढल्या की चौथा-पाचवा पिचर कसा आहे याला महत्त्व येतं. या नियमाचा फ्रेस्नोला फायदा झाला की तोटा यावर ठाम बोलता येत नाही, पण सुरुवातीच्या पराभवांचा विचार करताना तो लक्षात ठेवायला हवा. नंतर टीम सावरली, वेस्टर्न अॅथलेटिक कॉन्फरन्सची, म्हणजे सगळे ‘वॅक’ म्हणतात तिची, टुर्नामेंट जिंकली आणि त्या जोरावर एनसीएएच्या राष्ट्रीय टुर्नामेंटमध्ये थेट प्रवेश मिळाला. तेव्हाचा रेकॉर्ड ३७-२७. इतक्यात मुख्य पिचर टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर गेला होता, म्हणजे ज्याच्या भरवशावर मोठ्या मॅच जिंकायच्या तोच नाही.

सीडिंगचा वाद

या सीझनबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं वाक्य म्हणजे एनसीएएच्या कुठल्याही खेळात चॅम्पियन झालेली ही सगळ्यात खालच्या सीडची (सीड म्हणजे टुर्नामेंटआधी ताकद बघून दिलेला क्रमांक) टीम. वाक्य बरोबर आहे असंच सर्वसाधारणपणे धरलं जातं, पण त्यामागचा हिशोब समजून घेतला पाहिजे.

१९९९ पासून एनसीएए बेसबॉलमध्ये ६४ टीम असतात, त्यांचे चार-चारचे १६ गट करतात, त्याला रीजनल म्हणतात, आणि प्रत्येक रीजनलमध्ये १ ते ४ सीड. रीजनल डबल एलिमिनेशनची, दोनदा हरेपर्यंत बाहेर जात नाही. सोळा विजेते सुपर रीजनलला दोन-दोन भिडतात (तीनमधून दोन मॅच), उरलेले आठ ओमाहाला. फ्रेस्नोला लाँग बीचच्या रीजनलमध्ये चौथं सीड मिळालं होतं. बास्केटबॉलमध्येही मूळ ब्रॅकेट ६४ चाच, फक्त तिथे चार गट आणि सोळा सीड असतात. त्यामुळे बेसबॉलमधलं चौथं सीड म्हणजे देशात ४९ ते ६४ मधली कुणीतरी, म्हणजेच बास्केटबॉलच्या भाषेत १३ ते १६ वं सीड, असा हिशोब करतात. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये सगळ्यात खालून जिंकलेली टीम १९८५ ची व्हिलानोवा आणि तिचं सीड आठवं. या तुलनेत फ्रेस्नोचं यश थक्क करणारंच ठरतं.

अडचण अशी की २००८ मध्ये कमिटी देशपातळीवर फक्त पहिल्या आठच टीमना क्रमांक द्यायची (पहिल्या सोळांना क्रमांक द्यायला २०१८ मध्ये सुरुवात झाली), बाकीच्या टीम वाटताना प्रवासाचा खर्च आणि अंतर बघितलं जायचं, त्यामुळे ‘एकोणपन्नास ते चौसष्ट’ हा क्रम कुठे कागदावर नव्हताच. लाँग बीचच्या गटात यजमान लाँग बीच स्टेट, सॅन डिएगो, बर्कलेची कॅलिफोर्निया आणि फ्रेस्नो अशा चारही टीम कॅलिफोर्नियाच्याच होत्या आणि बेसबॉलमध्ये या राज्याचा दर्जा पहिल्यापासून वरचा, तेव्हा तिथे कुणालातरी चौथं व्हावंच लागणार होतं. दुसऱ्या एखाद्या गटात हीच टीम तिसरी धरली गेली असती हे म्हणणं पटण्यासारखं आहे. दुसऱ्या बाजूने असंही आहे की एकूण रेकॉर्ड बघितला तर २७ पराभवांच्या टीमला वरचं सीड मागायचा हक्क फारसा नव्हता, आणि टुर्नामेंट जिंकली नसती तर एनसीएएचं बोलावणं आलंच असतं याची खात्री कुणी देणार नाही. एकंदरीत बघता सीड खरं होतं पण टीमची ताकद त्यातून पूर्ण कळत नाही, आणि बास्केटबॉलशी सरळ बरोबरी करणं जरा ताणलेलं आहे, हे मत जास्त सुरक्षित.

शिवाय आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, ओरेगॉन स्टेट रीजनलमध्ये तिसरं सीड असून चॅम्पियन झाली होती, म्हणजे खालून वर येणं बेसबॉलमध्ये तेवढं अशक्य नाही याची चुणूक दिसलेली होती. याची कारणंही सांगता येतात. कॉलेज बेसबॉलमध्ये तेव्हा अख्ख्या टीमला मिळून ११.७ स्कॉलरशिप देता यायच्या आणि त्या तुकडे करून वाटल्या जायच्या, त्यामुळे श्रीमंत कॉलेजला सगळे चांगले खेळाडू गोळा करणं जमायचं नाही. आणि एक चांगला पिचर एका दिवशी कुठल्याही टीमला गप्प बसवू शकतो, हे तर आहेच.

सीडचा वाद बाजूला ठेवला तरी कुणाकुणाला हरवलं ते बघावं. लाँग बीचला यजमानांना हरवून आणि नंतर सॅन डिएगोला मागे टाकून रीजनल जिंकली. सुपर रीजनल टेम्पीला, अॅरिझोना स्टेटच्या घरी, देशातलं तिसरं सीड, ब्रेट वॉलेस आणि आइक डेव्हिससारखे बॅटर. पहिली मॅच ४-१२ अशी सडकून हरली, मग ८-६ आणि १२-९ जिंकल्या. ओमाहाला पोचलेल्या आठपैकी सहा टीम राष्ट्रीय सीडवाल्या होत्या, उरलेल्या दोन म्हणजे स्टॅनफर्ड आणि फ्रेस्नो. तिथे राइसला (सहावं सीड) १७-५, मग नॉर्थ कॅरोलिनाला (दुसरं सीड, डस्टिन अॅकलीची टीम, आधीच्या सलग दोन फायनल हरलेली) ५-३, मग त्यांच्याकडूनच ३-४ हार, आणि परत ६-१. जॉर्जिया आठवं सीड. म्हणजे तिसरं, सहावं, दुसरं आणि आठवं अशी चार राष्ट्रीय सीडं या टीमने लोळवली, आणि यात गटाच्या वाटणीचा काही संबंध येत नाही. १९९९ नंतर चौथ्या सीडवरून ओमाहाला पोचणारी ही पहिली टीम. त्यानंतर २०१२ मध्ये स्टोनी ब्रुक, २०२३ मध्ये ओरल रॉबर्ट्स आणि २०२५ मध्ये मरे स्टेट तिथपर्यंत गेल्या, पण कप एकीलाही मिळाला नाही.

फायनल

पहिली मॅच फ्रेस्नोने आघाडीवर असताना आठव्या इनिंगमध्ये घालवली, ७-६ जॉर्जिया. दुसऱ्या मॅचमध्ये जॉर्जिया ५-० पुढे होती, तिथे सीझन संपल्यात जमा होता, पण तिसऱ्या इनिंगमध्ये फ्रेस्नोने सहा रन काढले आणि पुढे थांबलेच नाहीत, शेवट १९-१०. हे आकडे बघताना बॅटचा मुद्दा विसरून चालत नाही. कॉलेजमध्ये अॅल्युमिनियमची बॅट वापरतात आणि २००८ च्या बॅटवरून बॉल आजच्यापेक्षा बराच जोरात सुटायचा, २०११ पासून बीबीकोर नावाचं कडक मानक आलं आणि स्कोअर एकदम खाली आले. ओमाहातल्या सात मॅचमध्ये फ्रेस्नोचे ६२ रन झाले, त्यात टीमचं कौतुक आहेच पण त्या काळाचाही वाटा आहे. नंतरच्या चॅम्पियनांशी तुलना करणारे हा फरक बहुतेक वेळा सोडून देतात.

तिसऱ्या मॅचला डावखुरा पिचर जस्टिन विल्सन उभा राहिला, फ्रेस्नोला लागूनच असलेल्या क्लोविसमध्ये शाळा केलेला मुलगा, आणि फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर. त्याने आठ इनिंग टाकल्या, १२९ पिच, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद झालेले बॅटर), आणि रन दिला तो एकच, गॉर्डन बेकहॅमच्या होमरनवर. (बेकहॅम त्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये आठव्या नंबरला शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला होता.) आजच्या हिशोबाने एवढ्या कमी विश्रांतीवर १२९ पिच म्हणजे कोचला जाब विचारतील, आणि तो प्रश्न रास्तच आहे, पण शेपर्स नसताना आणि आधीच्या दोन रात्रींत मिळून ४२ रनांची मारामारी झाल्यावर बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांमध्ये, काय उरलं असणार. विल्सन नंतर बरीच वर्षं मेजर लीगमध्ये रिलीव्हर (मॅचच्या मध्येच येणारा पिचर) म्हणून खेळला, म्हणजे हाताचं तरी कायमचं नुकसान झालं नाही.

बॅटिंग सगळी राइट फील्डर स्टीव्ह डेटवायलरची. अंगठ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना तो खेळत होता, त्या रात्री चारपैकी चार हिट, त्यात दोन होमरन, आणि फ्रेस्नोचे सहाच्या सहा रन त्याच्याच बॅटमधून. शेवटचा कॅचही त्यानेच घेतला. ६-१.

सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू मात्र थर्ड बेसमन टॉमी मेंडोन्सा ठरला, ओमाहात चार होमरन आणि थर्डवर एकापेक्षा एक अडवणुकी. हाच मेंडोन्सा त्या सीझनमध्ये स्ट्राइकआउटही ढिगाने झाला, हे सहसा कोणी लिहीत नाही. डेटवायलरला द्यायला हवं होतं का, हा प्रश्न निघतो, पण बक्षीस सगळ्या सिरीजसाठी असतं, एका रात्रीसाठी नाही, तेव्हा निवड चुकीची म्हणता येत नाही.

युनिव्हर्सिटीचं हे बेसबॉलमधलं पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद, त्याआधी १९९८ मध्ये महिलांच्या सॉफ्टबॉल टीमने एक मिळवलं होतं. टीममधले विल्सनशिवाय लेफ्ट फील्डर स्टीव्ह सुसडॉर्फ (फिलाडेल्फिया, २०१३) आणि शॉर्टस्टॉप डॅनी म्युनो (न्यूयॉर्क मेट्स, २०१५) मेजर लीगपर्यंत पोचले, शेपर्सही नंतर टेक्सासकडून खेळला. २०११ ते २०१३ मध्ये आरन जज इथेच खेळला, पण त्याच्या वेळच्या टीमला ओमाहा गाठता आलं नाही. फ्रेस्नो स्टेट २०१२ मध्ये वॅक सोडून माउंटन वेस्टमध्ये गेली आणि बेट्सोल २०२२ पर्यंत कोच राहिले. रोझेनब्लाटवर २०१० पर्यंत सिरीज झाली, नंतर ती ओमाहातच नव्या स्टेडियमला हलवली.