जेमी वार्डी ‘कारखान्यातून थेट प्रीमियर लीगमध्ये’ गेला नव्हता

प्रेरणादायी फॉरवर्ड मेसेजमध्ये वर्षानुवर्षे एक गोष्ट फिरते: कारखान्यात राबणारा इंग्लिश फुटबॉलपटू जेमी वार्डी एका रात्रीत लेस्टर सिटी क्लबात गेला आणि थेट प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडमधल्या अव्वल श्रेणीचा, विजेता झाला. ऐकायला झकास, पण ‘थेट’ म्हणण्यासारखं त्यात काही नाही.

शेफील्ड वेन्सडे क्लबने पोरवयातच नारळ दिल्यावर तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या छोट्या क्लबकडून आठवड्याला 30 पौंडांवर खेळू लागला. कारखान्याची नोकरी खरी. तिथे दुखापतग्रस्तांसाठी आधारपट्ट्या बनत. 2007 मधल्या मारामारीच्या खटल्यानंतर त्याच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक टॅग होता. संध्याकाळी ठरल्या वेळी घरात असावं लागे, म्हणून लांबच्या सामन्यांत तो तासाभरात मैदान सोडून घराकडे धाव घेई. हा तपशील फॉरवर्डमधून बरोबर गळतो!

पुढे 2010 मध्ये हॅलिफॅक्स, 2011 मध्ये फ्लीटवुड, हेही खालच्या श्रेणीतलेच क्लब. तिथे एका हंगामात 31 लीग गोल, संघ पाचव्या श्रेणीचा विजेता. मग 2012 मध्ये लेस्टरने दहा लाख पौंड मोजले. पण लेस्टर तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होतं! पहिल्या हंगामात लीगमध्ये जेमतेम 4 गोल झाले आणि गडी फुटबॉल सोडायच्या विचारात होता. प्रशिक्षकांनी समजूत घातली. पुढच्या हंगामात 16 गोल आणि संघाला बढती. प्रीमियर लीगमधलं पहिलं वर्षही बेताचंच, 5 गोल. विजेतेपदाच्या हंगामातले 24 गोल आले त्यानंतर, 2015-16 मध्ये.