हृदयाभोवतीची चरबी: सीटी स्कॅनमधला दुर्लक्षित भाग

चोपडा, शहादा किंवा साक्रीचा माणूस छातीत दुखू लागलं की जळगाव, धुळे नाहीतर नाशिक गाठतो. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन, होते आणि रिपोर्टमध्ये येतं: ‘30 टक्के ब्लॉकेज, गोळ्या चालू ठेवा.’ घरचे सुटकेचा श्वास टाकतात. त्याच स्कॅनमध्ये धमनीला लागून असलेली चरबीही टिपलेली असते, पण तिच्याविषयी रिपोर्टमध्ये सहसा अवाक्षर नसतं.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधल्या विम्बल्डनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी झाला. तो मेंदूचा होता. ऊतक किती घट्ट हे सांगणारं एकक त्यांच्याच नावाचं: पाणी 0, हवा उणे 1000 आणि चरबी साधारण उणे 190 ते उणे 30. मेंदू स्थिर असतो, हृदय थांबत नाही, म्हणून हृदयाचा सीटी बराच उशिरा आला. 1990 मध्ये आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं मोजमाप, मांडला. 130 एककांच्या वरचं ते कॅल्शियम, असा साधा नियम. स्कोअर उपयोगी आहेच, पण कॅल्शियम म्हणजे जुन्या आजाराचा व्रण. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, घेणाऱ्याचा स्कोअर कमी होत नाही, उलट थोडा वाढूही शकतो. आज धमनीत काय धुमसतंय हे त्यावरून कळत नाही.

चरबीकडे लक्ष गेलं ते आधी तिच्या प्रमाणामुळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांची तुलना 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. त्याच्या आदल्या वर्षी, 2003 मध्ये, बायपासच्या वेळी काढलेल्या हृदयावरच्या चरबीत पायाच्या त्वचेखालच्या चरबीपेक्षा दाह वाढवणारी द्रव्यं जास्त आढळली होती. त्यामुळे चरबी धमनीला बिघडवते, अशी समजूत रुजली.

2017 मध्ये ऑक्सफर्डच्या चारालंबोस अँटोनियाडिस यांच्या गटाने याची दुसरी बाजू पुढे आणली, आणि माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण तेच. दाह झालेली धमनीही शेजारच्या चरबीला संदेश पाठवते. त्यामुळे तिथल्या कोवळ्या पेशी पक्व होत नाहीत, त्यांच्यात मेद कमी साठतो आणि पाण्याचा अंश वाढतो. सीटीवर ही चरबी उणे 90 वरून उणे 70 कडे, म्हणजे शून्याकडे, सरकते. म्हणजे चरबी किती आहे यापेक्षा ती कशी आहे, हे मोजायचं.

मोजणी अशी: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या कोरोनरी धमनीचे सुरुवातीचे 10 मिमी सोडायचे आणि पुढचे 40 मिमी घ्यायचे. धमनीच्या व्यासाइतक्या जाडीचं भोवतालचं कडं आखायचं आणि त्यातल्या उणे 190 ते उणे 30 मधल्या ठिपक्यांची सरासरी काढायची. 2018 च्या लॅन्सेटमधल्या अभ्यासात जर्मनीतल्या एर्लांगेनचे 1,872 आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे 2,040 रुग्ण होते. उणे 70.1 किंवा त्यावर, म्हणजे शून्याच्या बाजूला, आकडा असणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका पहिल्या गटात सुमारे 9 पट आणि दुसऱ्यात 5.6 पट निघाला.

हा आकडा साखरेच्या रिपोर्टसारखा वाचता येत नाही. यंत्राचा व्होल्टेज 120 ऐवजी 100 किलोव्होल्ट ठेवला की तीच चरबी आणखी उणे दिसते. ठोके जलद असतील तर कडा पुसट होतात आणि धमनी दिसावी म्हणून टोचलेलं कॉन्ट्रास्ट द्रव्य चरबीच्या ठिपक्यांत मिसळून आकडा फसवा वर चढतो. म्हणून व्होल्टेज, वय आणि लिंग यांची दुरुस्ती करणारं खास सॉफ्टवेअर लागतं. शिवाय उणे 70.1 ही रेघ युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून आखलेली आहे. ती इथल्या माणसाला जशीच्या तशी लावणं मला घाईचं वाटतं.

2024 च्या ब्रिटिश अभ्यासाने मात्र प्रश्नाचं वजन दाखवलं. 40,091 रुग्णांपैकी सुमारे 81 टक्के जणांना मोठं ब्लॉकेज नव्हतं. तरी हृदयविकाराने झालेल्या 1,754 मृत्यूंपैकी 1,118 याच गटातले. मोठा अडथळा असलेल्या माणसाचा वैयक्तिक धोका जास्तच, पण बाकीच्यांची संख्या इतकी की एकूण बेरीज त्यांच्याकडे झुकते. ‘30 टक्के’ ऐकून निर्धास्त होणारे याच गटातले.

स्कॅन नीट यायचा तर तयारी हवी. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. ठोके मिनिटाला 60 च्या आसपास यावेत म्हणून डॉक्टर बहुधा ठोके मंदावणारं मेटोप्रोलॉल देतात आणि धमन्या रुंदावायला जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. दम्याचा त्रास असेल किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल तर आधीच सांगावं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासलेलं असावं. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळच्या उन्हातून आलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि अशा वेळी कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं. त्यामुळे पाणी किती प्यायचं ते केंद्रावर आधीच विचारावं.

आणि फिल्मवर भागवू नये. फिल्मवरून चरबीची घनता मोजता येत नाही. त्यासाठी पातळ कापांचा मूळ डायकॉम डेटा, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, लागतो आणि केंद्रं तो कायम ठेवतीलच असं नाही. तो सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर त्याच दिवशी मागून घ्यावा.