दिशात्मक अँटेना : कमी शक्तीच्या हौशी रेडिओसाठी

प्रक्षेपकाची शक्ती चहूकडे न सांडता एका बाजूला एकवटणारा अँटेना. हौशी रेडिओत ५ वॉटच्या आतबाहेरच्या कामाला क्यूआरपी म्हणतात. तिथे ६ डेसिबेलचा लाभ म्हणजे त्या दिशेने चौपट, जणू २० वॉटचा जोर. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो.

मराठवाड्यातल्या मराठवाड्यात बोलायचे असेल, तर दिवसा ७ मेगाहर्ट्झवर याची गरजच नसते. २० मीटर तारेचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली दोन हातांची तार) मध्यावर ६ ते ८ मीटर उंच बांधून टोके उतरती सोडली, की लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परततात. लातूरहून नांदेड, बीड, धाराशिव सगळे त्यात येते. या पट्ट्यावर यागीची (आडव्या दांड्यावर समांतर कांड्या लावलेल्या दिशात्मक अँटेनाची) एकेक कांडी २० मीटरची होईल. ती माळवदावर पेलणार कोण?

खरा उपयोग १४४-१४६ मेगाहर्ट्झवर. दोन्हीकडे अँटेना ९ मीटरवर असतील, तर सपाट रानात रेडिओ क्षितिज सुमारे २५ किमी. बालाघाटच्या धारेआडच्या गावाला कांड्या वाढवून फारसे काही मिळत नाही, उंची वाढवून मिळते. त्यानंतर केबल : १५ मीटर आरजी-५८ (बारीक केबल) या पट्ट्यावर जवळपास निम्मी शक्ती खाते, आरजी-२१३ (जाड केबल) पाव. शिवाय खाणारी केबल रेडिओजवळचा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप) खोटाच चांगला दाखवते. तो अँटेनाच्या तोंडाशी मोजावा.

सुरुवातीला तीन कांड्यांचा यागी पुरे. त्याचा झोत रुंद असतो, हाताने पाइप फिरवला तरी भागते. पीव्हीसी पाइपावर पोलादी मेजर टेपच्या पट्ट्या लावून तो बनतो : रिफ्लेक्टर (मागची कांडी) १०५ सेंमी, ड्रिव्हनचे (केबल जोडायच्या कांडीचे) ४५ सेंमीचे दोन तुकडे (मध्ये २.५ सेंमी फट), डायरेक्टर (पुढची कांडी) ८९ सेंमी. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन २० सेंमी, पुढे डायरेक्टरपर्यंत ३२. डाग देण्याआधी पट्टीचा रंग खरवडावा, नाहीतर कथील धरत नाही. केबलशी जुळवणीसाठी फटीवर १३ सेंमी तारेचा ‘यू’ आकाराचा हेअरपिन हवाच. त्यामुळे मल्टिमीटरवर शॉर्ट दिसते, ते बरोबरच आहे. वाऱ्यात पट्ट्या लवतात, म्हणून कायमच्या उभारणीला ॲल्युमिनियमची नळी बरी. मात्र तिची लांबी नव्याने जुळवावी लागते. दूरदर्शनचा जुना अँटेनाही यागीच, पण वेगळ्या वारंवारतेचा. त्यातली नळी तेवढी घ्यावी.

एफएम आणि रिपीटरसाठी (संदेश पकडून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रासाठी) कांड्या उभ्या, एसएसबीसाठी (आवाज पाठवण्याची दुसरी पद्धत) आडव्या. इथे चूक झाली तर २० डेसिबेलपर्यंत घट, म्हणजे सारा लाभ गेलाच. उभ्या कांड्यांच्या मधून लोखंडी पाइप नेल्यास झोत बिघडतो. अँटेना रिफ्लेक्टरच्या मागून धरावा किंवा वरचा भाग वेळूचा ठेवावा. कनेक्टरवर रबरी टेप नसेल, तर पहिल्याच पावसात पाणी केबलच्या जाळीत झिरपते.

वैशाखातल्या वळवाआधी, ढग जमू लागताच केबल रेडिओपासून काढून घराबाहेर टाकावी. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.