अपार्टहाइडच्या आधी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद नव्हता?

‘दक्षिण आफ्रिकेत १९४८ पर्यंत सगळे समान होते, वर्णभेद अपार्टहाइडने आणला,’ असं वाक्य फिरत असतं. समज स्वाभाविक आहे. अपार्टहाइड, म्हणजे वंशांना कायद्याने वेगळं ठेवणं, हे सरकारी धोरण झालं ते त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर.

पण कायद्यांची सालं तपासा. ती बहुधा नावापुढेच असतात. १९१३च्या जमीन कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी जेमतेम ७ टक्के जमीन राखली. १९३६मध्ये ही मर्यादा साधारण १३ टक्के झाली. कृष्णवर्णीयांवर पास, म्हणजे ये-जा करण्याचा परवाना, बाळगण्याची सक्ती तर त्याहून जुनी.

मग नवं काय? १९५०च्या कायद्यांनी प्रत्येकाची वंशानुसार सरकारी नोंद सुरू झाली, आणि कुणी कुठे राहायचं हे त्यावरून ठरू लागलं. खरी मेख इथेच. एकाच घरातली माणसंही वेगवेगळ्या गटांत पडली. जमिनीचे आणि १९५०चे हे कायदे १९९१मध्ये रद्द झाले.