दमास्कस सुरीची नक्षी वेगळी आणि धार वेगळी

दमास्कस स्टीलच्या सुऱ्या आता जळगाव-धुळ्याकडचे लोकही ऑनलाईन मागवायला लागलेत, पात्यावर लाटालाटांची नक्षी, आणि जाहिरातीत ठोकून दिलेलं की एवढ्या थरांमुळेच ही धार. हे खरं नाही. थरांमुळे नक्षी येते, धार येते ती पाणी कसं दिलंय, म्हणजे पातं तापवून कसं विझवलंय आणि परत कसं शेकलंय त्यावरून, आणि ते काम आपल्या कुठल्याही लोहाराला नीट समजतं.

आजची सुरी बनते दोन पोलादांची. एक साधं कार्बनवालं, उदाहरणार्थ १०८४ या नंबरचं, आणि दुसरं १५एन२० नावाचं, ज्यात २ टक्के निकेल असतं. पट्ट्या आळीपाळीने रचायच्या, वर टाकणखार (बोरॅक्स) टाकायचा आणि भट्टीत १२०० अंशांच्या आसपास तापवायचं. टाकणखार ७४३ अंशाला वितळतो, लोखंडावरची ऑक्साईडची खपली स्वतःत विरघळवून घेतो आणि हवा आत जाऊ देत नाही. पहिले घाव हलके मारतात, वितळलेला टाकणखार फटींतून ठिणग्यांसकट बाहेर उडतो आणि स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांना भिडून पोलाद न वितळताच जुळतं. मग लांबवायचं, दुमडायचं, परत ठोकायचं. ७ थर पाचदा दुमडले की २२४ होतात, पीळ दिला की नक्षी बदलते.

आता मजा बघा. लोकांना वाटतं एक थर कडक, एक मऊ, म्हणून सुरी करवतीगत कापते. पण एवढ्या उष्णतेत कार्बन जागेवर थांबतच नाही, त्याचा अणू इतका छोटा की गच्च भरलेल्या एसटीत लहान पोरगं लोकांच्या पायांतून सरकत पार पुढे जातं तसा तो लोखंडाच्या अणूंमधून सरकतो, आणि थर पातळ असले तर काही मिनिटांत कार्बन सगळीकडे जवळपास सारखा होतो. निकेलचा अणू मोठा, तो आपल्याच थरात राहतो. शेवटी पातं फेरिक क्लोराईड या धातू खाणाऱ्या रसायनात बुडवलं की कार्बनवाला थर काळा पडतो, निकेलवाला चकचकीत राहतो, झाली नक्षी.

जुनं दमास्कस वेगळंच होतं. ते वूट्झ, म्हणजे मुशीत वितळवून केलेलं, सुमारे दीड टक्का कार्बनचं पोलाद, आणि ते आपल्या दक्षिणेतून बाहेर जायचं, तेलंगणातलं कोनासमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध. त्यात थर जोडलेले नसायचे, नक्षी आतूनच यायची. १९९८ मध्ये व्हर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार यांनी दाखवलं की व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अगदी किंचित अंशामुळे कार्बाईडचे, म्हणजे लोखंड-कार्बनच्या संयुगाचे कडक कण ओळीने बसतात. विजेवरच्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेला शास्त्रज्ञ फॅरेडेसुद्धा १८२० च्या सुमारास या पोलादामागे लागला होता. हल्लीच्या थरवाल्या पात्यांची आवड मात्र १९७३ मध्ये अमेरिकेतले सुरी बनवणारे बिल मोरान यांनी ती प्रदर्शनात मांडली तिथून वाढली.

आता पाणी. पातं ८०० अंशांच्या थोडं वर न्यायचं, आणि ते रंगावरून ओळखायचं, म्हणूनच भट्टी सावलीत असते, खान्देशातल्या उन्हाळ्यातल्या उन्हात लाल झालेलं पोलाद काळंच दिसेल आणि माणूस जास्त तापवून बसेल. लोहचुंबक लावून बघायचीही रीत आहे, ७७० अंशांला लोखंड चुंबकाला चिकटणं सोडतं, त्याच्या थोडं पुढे गेलं की झालं. मग पटकन बुडवायचं, पण अशा पात्याला साधं पाणी बहुतेक वेळा फार जोराचं पडतं, तडा जातो, म्हणून तेल, तेही कोमट, कारण कोमट तेल पातळ असतं आणि उष्णता लवकर ओढतं. आता कार्बन आत अडकून मार्टेन्साईट नावाची पोलादाची रचना तयार होते, भयंकर कडक पण काचेगत ठिसूळ. ते तसंच सोडलं तर पातं खाली पडून तुटेल. म्हणून परत २०० अंशांला दीड-दोन तास शेकायचं, पात्यावर फिकट सोनेरी झाक येते आणि थोडा कडकपणा सोडून चिवटपणा मिळतो. हा टप्पा चुकला तर ५०० थरही कामाचे नाहीत, म्हणून घेताना थर किती ते न विचारता पाणी कसं दिलं ते विचारा.

बाजारात स्टेनलेसवर नुसती लेझरने छापलेली नक्षीही विकतात. बारीक पॉलिशपेपरने कोपऱ्यावर घासा, नक्षी गेली तर परत फेरिक क्लोराईड लावा, खरी असेल तर पुन्हा उमटते, छापलेली उमटत नाही.

आणि हे पोलाद गंजतं. केळफूल किंवा वांगी चिरली की टॅनिनमुळे पातं काळं पडणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, धुवून लगेच पुसायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. मटणाची हाडं मात्र तिच्याने तोडू नका, इतकी कडक धार हाडावर तुकडे होऊन उडते, त्या कामाला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून ठोकलेला आपला चिवट कोयताच बरा.