खाली नवा, वर जुना : स्कॉटलंडच्या वायव्य टोकाचा रस्ता

नॉकन क्रॅगच्या कड्याला हात लावायला तिकीट नाही, रांगही नाही. पायवाटेने दहा-पंधरा मिनिटं चढलं की एका जागी दोन खडक एकमेकांना चिकटलेले दिसतात. खाली फिकट, पिवळट चुनखडक. वर काळपट, पापुद्र्यापापुद्र्यांचा सुभाजा. मधली रेष इतकी स्वच्छ आहे की अंगठा वरच्या खडकावर आणि करंगळी खालच्यावर ठेवता येते. करंगळीखालचा दगड सुमारे ५० कोटी वर्षांचा. अंगठ्याखालचा जवळपास त्याच्या दुप्पट. थोरला धाकट्याच्या खांद्यावर बसलाय!

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर रद्दीच्या गठ्ठ्यासारखे रचलेले आहेत, सगळ्यांत जुना पेपर सगळ्यांत खाली. घाट चढताना आपण जुन्याकडून नव्याकडेच जातो. भूविज्ञानाचा पहिला धडाही हाच. नॉकनला तो उलटा दिसला आणि त्यावरून एकोणिसाव्या शतकात मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं भांडली.

हे भांडण जिथे सुरू झालं आणि जिथे मिटलं, त्या जागा एकाच रस्त्यावर आहेत. अलापूल या १७८८ साली हेरिंग माशांच्या धंद्यासाठी वसवलेल्या बंदरातून निघायचं आणि उत्तर किनाऱ्यावरच्या ड्यूरनेसला पोचायचं, साधारण ११० किलोमीटर. इनव्हर्नेसहून निघून तिथेच परतणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा ५१६ मैलांचा, म्हणजे ८३० किलोमीटरचा मार्ग २०१५पासून गाजतो आहे, त्याचाच हा तुकडा. बरेच जण तो अर्ध्या दिवसात उरकतात. माझ्या मते त्याला दोन दिवस द्यावेत आणि बाकीच्या सातशे किलोमीटरांत काटकसर करावी. गाइड लागत नाही. २००४पासून हा भाग जिओपार्क, म्हणजे भूवैज्ञानिक वारशासाठी जपलेला प्रदेश आहे आणि महत्त्वाच्या थांब्यांवर माहितीचे फलक आहेत. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. काही टप्प्यांत रस्ता एकेरी गाडीपुरताच आहे, मधूनमधून ‘पासिंग प्लेस’. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर ज्याला साइड देण्याची सवय झाली आहे, त्याला इथे काही शिकावं लागत नाही. फक्त तिथे साइड दिल्यावर समोरचा हात वर करतो आणि त्या जागेत फोटोसाठी गाडी लावली की लोक मनापासून चिडतात.

तर भांडण असं. सर रॉडरिक मर्चिसन हे ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सर्वेसर्वा. त्यांचं म्हणणं, सुभाजा वर आहे म्हणजे तो नंतरचाच. ॲबरडीनचे प्राध्यापक जेम्स निकल यांनी १८६०च्या सुमारास सांगितलं की इथे खडक तुटून सरकलेले आहेत, वरचा दगड मुळात जुना आहे. मर्चिसनांच्या पदापुढे निकल यांचं कोणी फारसं ऐकलं नाही. १८७१मध्ये मर्चिसन गेले, १८७९मध्ये निकलही गेले. मरेपर्यंत त्यांचं म्हणणं चूकच मानलं जात होतं.

नॉकनहून पुढे निघालं की पश्चिमेला डोंगर दिसतात, पण रांग म्हणून नाहीत. सपाट, खडबडीत माळावर कोणीतरी एकेक आणून ठेवावा तसे सुटे उभे आहेत. सुलवेन त्यातला सगळ्यांत देखणा, उंची अवघी ७३१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून कमी. खालचा माळ पट्टिताश्माचा, ज्याला नाइसही म्हणतात, जवळपास ३०० कोटी वर्षं जुना. वरचा डोंगर तांबूस वालुकाश्माचा, सुमारे १०० कोटी वर्षांचा. मधली दोनशे कोटी वर्षं जमा-खर्चाच्या वहीतून फाडलेल्या पानांसारखी गायब. जमिनीवर झाडझुडूप, गवत काहीही नसताना मोकाट नद्यांनी ही वाळू आणून ओतली. तिचा कित्येक किलोमीटर जाडीचा थर नंतर झिजला आणि हिमनद्यांनी त्यातून जे वगळलं, ते हे डोंगर. इथे निदान क्रम सरळ आहे, जुनं खाली, नवं वर.

लॉख ॲसिंट या सरोवराच्या काठी स्किॲग ब्रिजजवळ गाडी थांबवा. रस्त्याकडेच्या पांढुरक्या क्वार्टझाइटवर गोल ठिपके दिसतील, पेन्सिलीने टेकवल्यासारखे. कडेने पाहिलं तर तेच ठिपके उभ्या नळ्या होतात. हा ‘पाइप रॉक’. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या वाळूत किड्यांसारख्या जीवांनी केलेली ही बिळं. जीवांचा मागमूस नाही, घरं तेवढी राहिली. जवळच पाण्यात घुसलेल्या भूशिरावर आर्डव्हरेक किल्ल्याचा उरलासुरला बुरूज आहे. राजाच्या बाजूने लढणारा मॉन्ट्रोझचा मार्क्विस १६५०मध्ये लढाई हरून इथे सापडला आणि एडिंबरात फासावर गेला. बहुतेक पर्यटक किल्ल्याचा फोटो काढून निघतात, पाइप रॉककडे कोणी बघत नाही.

पुढे काइलस्कूचा वळणदार पूल १९८४चा, त्याआधी गाड्या फेरीतून पलीकडे जायच्या. लॅक्सफर्ड ब्रिजच्या पुढे रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात मात्र उतराच. करड्या पट्टिताश्मात काळे डाइक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या वितळलेल्या खडकाच्या भिंती, घुसलेत आणि त्या दोघांना कापत गुलाबी ग्रॅनाइटचे पट्टे गेलेत. जो कापतो तो नंतरचा, एवढा एक नियम माहीत असला की दुर्बीण नको, प्रयोगशाळा नको, अनुक्रम उभ्या उभ्या लावता येतो. करडा पहिला, मग काळा, मग गुलाबी.

ड्यूरनेसला एकदम हिरवंगार होतं. कारण तोच चुनखडक, जो नॉकनला करंगळीखाली होता. आजूबाजूच्या आम्लधर्मी, दलदली मातीत हे गवताचं बेट. स्मू गुहेचं अवाढव्य तोंड समुद्राने कोरलं, आतला भाग मात्र वरून कोसळणाऱ्या ओढ्याच्या गोड्या पाण्याने. अशा हिरव्या जमिनीवर मेंढ्या पोसायच्या म्हणून एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी माणसं उठवली. जवळच केनबेन नावाची वाडी होती. १८४१मध्ये बाहेर काढण्याची नोटीस घेऊन माणूस आला, तेव्हा तिथल्या लोकांनी ती बळजबरीने जाळायला लावली आणि मोठा दंगा झाला. पुढच्या वर्षी वाडी रिकामी झाली. भिंतींचे पाये अजून आहेत, त्यांतून पायवाट जाते.

तिथून पूर्वेला वळलं की लॉख एरिबोल ही समुद्राची खाडी. १८८२-८३च्या उन्हाळ्यांत चार्ल्स लॅपवर्थ इथे मुक्काम करून होते. एके काळचे शाळामास्तर. कड्याकड्याचा बारीक नकाशा करताना त्यांच्या लक्षात आलं की निकल यांचं बरोबर होतं. जुन्या खडकाचा अजस्र पत्रा आडवा सरकत नव्यावर चढला होता आणि जिथे घासला तिथला दगड पीठ होऊन पुन्हा घट्ट झाला होता. त्या दगडाला त्यांनी १८८५मध्ये ‘मायलोनाइट’ नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या जात्यावरून. या कामाने लॅपवर्थ आजारी पडले. तो खडक आपल्या अंथरुणावरून घासत चाललाय, असं त्यांना रात्री वाटायचं म्हणतात.

मर्चिसन यांचे पट्टशिष्य आर्चिबाल्ड गीकी आता सर्वेक्षणाचे प्रमुख होते. त्यांनी १८८३मध्ये बेन पीच आणि जॉन हॉर्न यांना उत्तरेला पाठवलं. गुरूंचं म्हणणं खरं ठरेल अशी त्यांना खात्री होती. दोघांनी आणलेला पुरावा नेमका उलट. गीकी यांनी तो स्वतः येऊन पाहिला आणि १८८४मध्ये जाहीरपणे माघार घेतली.

पत्रा सरकला कशाने? सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी स्कॉटलंड उत्तर अमेरिकेच्या भूखंडाचा भाग होता आणि स्कँडिनेव्हियाचा भूखंड त्याच्यावर येऊन आदळला. त्या रेट्याने पूर्वेकडचे खडक कित्येक किलोमीटर पश्चिमेला ढकलले गेले. पत्र्याखालचे थर तुटून मंगळुरी कौलांसारखे एकमेकांवर रेलले. हेन्री कॅडेल या सर्वेक्षकाने ते घरगुती प्रयोगाने दाखवलं. लाकडी खोक्यात वाळू आणि प्लास्टरचे थर भरायचे, स्क्रूने एका बाजूने दाबत जायचं. थर वाकण्याऐवजी तुटले आणि कौलांसारखेच एकावर एक चढले.

पीच-हॉर्न यांचा जाडजूड अहवाल १९०७मध्ये निघाला. लॉख ॲसिंटजवळच्या एका टेकाडावर त्या दोघांचं साधं स्मारक आहे. निकल यांच्या नावाचा दगड मला या रस्त्यावर कुठे दिसला नाही.