क्लॉक जिटर नियंत्रण

सर्किटला ताल देणाऱ्या क्लॉक संकेताची प्रत्येक कड (व्होल्टेजची चढ किंवा उतार) ठरलेल्या क्षणी यावी, अशी अपेक्षा धरूनच डिजिटल सर्किट आखलेले असते. ही कड जी मागेपुढे होते, तो जिटर. पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे संगणकातील भागांना जोडणारी वेगवान जोडणी, तिच्या पहिल्या पिढीत एका बिटच्या वाट्याला ४०० पिकोसेकंद (सेकंदाचा लाख-कोटीवा, म्हणजे १०⁻¹² भाग) येत. २०१९ च्या पाचव्या पिढीत ३१.२५ उरले. त्यामुळे सगळ्यांना आधार म्हणून दिलेल्या १०० मेगाहर्ट्झच्या संदर्भ क्लॉकला तिथे ०.१५ पिकोसेकंद आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) एवढाच जिटर माफ आहे. तेवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम ०.०४५ मिलिमीटर पुढे सरकतो.

यादृच्छिक जिटर मुख्यतः उष्णताजन्य नॉइजमधून (नको असलेल्या विद्युत खळबळीतून) येतो आणि त्याला कमाल सीमा नसते. १०¹² बिटांमागे एकच चूक चालणार असेल, तर त्याच्या आरएमएस मूल्याच्या सुमारे १४ पट जागा राखून ठेवावी लागते. निश्चित जिटरचे कारण मात्र हुडकता येते: वीजपुरवठ्यातील तरंग, शेजारच्या ट्रेसचा (बोर्डावरील तांब्याच्या वाटेचा) उपद्रव.

क्लॉक निर्माण करणारा महागडा ऑसिलेटर बसवला की काम झाले, हा समज टिकणारा नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक जिटरांची बेरीज वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने होते. ३०० आणि १०० फेमटोसेकंदांचे (पिकोसेकंदाचा हजारावा भाग) मिळून ३१६ होतात. लहान स्रोत निम्मा केला तरी ३०४ उरतात. मोठा २०० वर आणला तर २२४. आधी मोठा चोर पकडावा, आणि तो बरेचदा वीजपुरवठ्यात सापडतो. स्विचिंग रेग्युलेटरचा तरंग क्लॉक वाटून देणाऱ्या बफरपर्यंत पोचला की कडा हलू लागतात. म्हणून क्लॉक चिपला स्वतंत्र, कमी नॉइजचा लिनिअर रेग्युलेटर देतात आणि कपॅसिटर पिनला खेटून बसवतात. कड जितकी झपकन चढेल, तितका व्होल्टेजमधल्या नॉइजचा वेळेवर परिणाम कमी. ट्रेस डिफरन्शियल जोडीने (एकमेकांच्या उलट संकेत वाहणाऱ्या दोन तारांनी), अखंड ग्राउंड प्लेनवरून (बोर्डातील ग्राउंडच्या तांब्याच्या थरावरून) नेतात.

पीएलएल, म्हणजे आपल्या ऑसिलेटरला संदर्भ क्लॉकशी जुळवून ठेवणारे लूप; तिची बँडविड्थ, म्हणजे ती किती जलद बदलांचा माग काढते, ते ठरवणे हे यातले खरे कसबाचे काम. पीएलएल संदर्भातला मंद जिटर पुढे जाऊ देते, जलद जिटर अडवते. स्वतःच्या ऑसिलेटरच्या नॉइजशी नेमकी उलटी वागते. संदर्भ अस्वच्छ असेल तर बँडविड्थ अरुंद ठेवावी, स्वच्छ असेल तर रुंद. अनेक जिटर अटेन्युएटर चिपांत यासाठी दोन लूप असतात: अरुंद लूप क्वार्ट्झ ऑसिलेटरच्या आधाराने संदर्भ साफ करते, रुंद लूप वारंवारता वाढवते.

गंमत अशी, की विद्युतचुंबकीय उत्सर्जनाच्या चाचणीत पास व्हायला हाच क्लॉक मुद्दाम हलवलाही जातो. स्प्रेड स्पेक्ट्रम नावाच्या या पद्धतीत वारंवारता सेकंदाला ३० ते ३३ हजार वेळा, ०.५ टक्क्यापर्यंत खाली नेऊन परत आणतात. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही टोकांना एकच संदर्भ क्लॉक असेल, तर ही हालचाल बहुतांशी आपसात मिटते. क्लॉक वेगवेगळे असतील, तर तिचा माग काढण्याचे ओझे रिसीव्हरवर पडते.